फीत कापेपर्यंत बंद

हिंगणघाटच्या त्या कॉलेजात एक वॉटर कूलर होता. तो मार्चात आला आणि पाऊस लागल्यावर सुरू झाला, कारण मधला अख्खा उन्हाळा संस्थेचे अध्यक्ष किसनराव यांना त्याची तोटी उघडायला सवड मिळाली नाही. उन्हाळा विदर्भातला. पोरं प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या कूलरसमोरून जायची आणि फाटकाबाहेरच्या टपरीवर पाण्याचं पाऊच फोडून प्यायची. नमिता देवतळे तेव्हा नुकतीच कॉम्प्युटर शिकवायला लागली होती. तिनं स्टाफरूममध्ये विचारलं, की तोटी अध्यक्षांनीच उघडावी लागते असं त्या कूलरमध्ये तांत्रिक काही आहे का. कुणी हसलं नाही. एका वयस्कर सरांनी तिला समजावून सांगितलं, "मॅडम, उद्घाटन झाल्याशिवाय वस्तू आली असं आपल्याकडे धरत नाहीत."

नमिताला वाटलं, सर गंमत करताहेत. नोकरीत मुरल्यावर तिला कळलं, की सर नियम सांगत होते.

पण ही गोष्ट कूलरची नाही, सांबाराची आहे. पुण्यामुंबईकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात त्याला वर्धेकडे सांबार म्हणतात, जसं टोमॅटोला भेदरं. अल्लीपूरचे भाजीवाले तो हिंगणघाटच्या बाजारात आणतात. अडचण अशी, की आपण सांबार तोडला त्याच दिवशी शेजाऱ्यानंही तोडला आहे, हे बाजारात पोचेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. मग एखाद्या सकाळी सगळं अल्लीपूर सांबार घेऊन उभं राहतं, आणि दुपारपर्यंत तो ढीग गाईही हुंगत नाहीत.

उज्वला त्याच गावची. बीसीएच्या शेवटच्या वर्षाला, नमिताच्या वर्गात. बाकीच्यांनी प्रोजेक्ट म्हणून ग्रंथालयाची यंत्रणा केली. ती दर वर्षी सगळेच करतात आणि कॉलेजचं ग्रंथालय मात्र अजून कार्डांवर चालतं. उज्वलानं केलं 'काय तोडू'. एक फोन नंबर. दुपारनंतर भाजीवाल्यानं त्यावर फोन लावायचा. सांबारासाठी एक दाबा, पालकासाठी दोन, मग उद्या किती जुड्या तोडणार तो आकडा. संध्याकाळी सहाला यंत्र बेरीज करणार आणि ज्यांनी ज्यांनी नोंदवलं त्यांना उलट फोन लावणार. साधा बटणांचा मोबाईल चालतो. फोनवर आवाज उज्वलाचाच, रेकॉर्ड करून ठेवलेला, "उद्या सांबार लय येऊन राह्यला. थांबता येत असन तं थांबा. पालक थोडका हाये."

लॅबच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता, त्याला सिमकार्ड घालायची डबी जोडली की झालं. डबी उज्वलाची, कोपरा नमिताच्या परवानगीचा. दिवाळीपासून हे सुरळीत चालू होतं आणि कॉलेजात कुणाला पत्ता नव्हता, कारण कॉलेजात कुणी सांबार तोडत नव्हतं.

चूक नमिताची झाली. फोन मध्येच तुटतात ही तांत्रिक अडचण तिनं 'संत्रा कोडर्स कट्टा' नावाच्या व्हॉट्सॲप गटात टाकली. हा नागपूरच्या डेव्हलपर लोकांचा गट. अडचणीवर कुणी उत्तर दिलं नाही. पण गटाचा प्रमुख निशांत दोनच दिवसांत थेट हिंगणघाटला आला. छातीवर संत्र्याचं चित्र असलेला टी-शर्ट आणि झाकणभर स्टिकर लावलेला लॅपटॉप. 'कट्टा वार्ता' नावाचं बातमीपत्र तोच काढायचा. त्यात विदर्भात तंत्रज्ञानाची क्रांती दर आठवड्याला होत असे, आणि प्रत्येक क्रांतीच्या फोटोत डावीकडून दुसरा निशांत असे.

प्राचार्य वैरागडे यांच्या केबिनमध्ये चहा आला.

"सर, ग्रासरूट इनोव्हेशन आहे हे," निशांत म्हणाला. "वर्धा जिल्ह्याचा पहिला डेव्हलपर डे आपण इथेच घेऊ आणि त्यात हे लॉन्च करू. लॉन्च झालेलं नाही ना अजून?"

"दिवाळीपासून चालू आहे," नमिता म्हणाली.

"हो, पण लॉन्च?"

"अल्लीपूरची माणसं रोज वापरतात."

"ते बीटा असतं मॅडम. लॉन्च म्हणजे स्टेजवर."

प्राचार्यांनी कप बशीत ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी सापडल्याचा भाव होता. "म्हणजे वापर सुरू, आणि उद्घाटन नाही. अध्यक्षांच्या कानावर गेलं तर मी काय सांगू? आजच्या आज बंद करा. कार्यक्रम शुक्रवारी घेऊ, दोनचार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"बंद कशाला सर? चालू असतानाच दाखवू ना अध्यक्षांना."

"चालू असलेली वस्तू ते चालू कशी करतील?"

प्रश्न बिनतोड होता. नमितानं सांबाराचं गणित पुन्हा एकदा सांगून पाहिलं. निशांतनं ते लिहून घेतलं, भाषणात वापरायला. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमची तळमळ कळते. पण लॅब संस्थेची आहे."

त्या एका वाक्यावर नमिता उठली आणि लॅबकडे गेली. ती गेली याचा तिला पुढे कितीतरी दिवस संताप येत राहिला. बटण तिनं स्वतःच्या हातानं बंद केलं. उज्वला शेजारी उभी होती.

"मॅडम, म्हन्जे चालती गाडी थांबवाची," ती म्हणाली, "अन् मंग साहेब येऊन धक्का मारनार."

"शुक्रवारपर्यंत."

"अन् शुक्रवारी नाई आले तं?"

शुक्रवारी ते आले नाहीत. अध्यक्षांच्या भाच्याचं लग्न आर्वीला निघालं. पुढची तारीख ठरली, तर साळ्याकडचा साखरपुडा. लग्नसराईत किसनरावांसारख्या माणसाला आपल्या मालकीचा एकही दिवस नसतो, हे प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये सहानुभूतीनं सांगितलं. मधल्या काळात काही सुरू होऊ नये म्हणून त्यांनी लॅबला कुलूप घातलं आणि दारावर आडवी लाल रेशमी फीत बांधून घेतली. यंत्राच्या जोडीनं अख्खी लॅबच आता उद्घाटनाच्या प्रतीक्षेत गेली. ती लॅब सात वर्षं वापरात होती, पण तिचंही उद्घाटन झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं, तेव्हा एका दगडात तेही उरकेल असा हिशेब निघाला.

नमितानं प्रॅक्टिकल फळ्यावर घेतलं. खडूनं स्क्रीन काढला, स्क्रीनवर प्रोग्राम लिहिला, आणि मग 'आता रन केल्यावर काय दिसेल' ते स्क्रीनच्या खाली लिहिलं. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. एकानं विचारलं, "मॅडम, एरर आली तर?" ती म्हणाली, "पुसून टाक." डिजिटल भारतात ती डस्टरनं डीबगिंग शिकवत होती, आणि तिच्या वर्गावरून जाताना प्राचार्य खिडकीतून कौतुकानं मान हलवत.

मग एक दिवस सकाळी बाजार आटोपल्यावर चतुराबाई आली. अल्लीपूरची, उज्वलाच्या घराच्या मागच्या आळीत राहणारी. डोक्यावर गाठोडं. ते तिनं लॅबच्या दारात, बरोब्बर फितीखाली उतरवलं आणि सोडलं. सुकून काळपट पडलेला सांबार होता.

"बाई, ते फोन लावनारं इथंच बसते काय?" तिनं विचारलं.

"हो मावशी, इथंच."

"मंग गप काऊन हाये? मेलं?"

"नाही. त्याचं उद्घाटन व्हायचंय."

चतुराबाईनं फीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "लगन हाये काय त्याचं?"

"लग्न अध्यक्षांच्या घरी आहे."

"ते तं होईन. पन बाजारात सारा सांबारच सांबार होता आज. आपल्याच गावच्या लोकायनं एकमेकाचे पाय कापले. पोरीचा आवाज येत होता तोवर म्या एक जुडी फेकली नाई बाई. तिनं थांब म्हनलं का थांबत होती मी. आता कोनाले इचारू? याले?" तिनं फितीला बोट लावलं.

तेवढ्यात तयारी पाहायला आलेला निशांत जिना चढून वर आला. चतुराबाई, जुड्या आणि मागे लाल फीत असं दृश्य पाहून त्याचे डोळे भरून आले. "परफेक्ट," तो म्हणाला. "मावशी, एक जुडी जरा वर धरा. आणि हसा थोडं."

"सुकला हाये."

"चालतं, फिल्टर टाकतो. तुम्हाला आपण कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसवू. लाभार्थी म्हणून. शाल-श्रीफळ देऊन सत्कार."

"शालीचं काय करू भाऊ? सांबार झाकू?"

निशांत मनापासून हसला आणि हे वाक्यही त्यानं लिहून घेतलं. तो गेल्यावर नमितानं गाठोड्यातली एक जुडी उचलून पाहिली. ती रागीट बाई नव्हती. परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी सापडली तरी ती आधी पोराला पाणी प्यायला सांगायची. पण त्या काळपट जुड्या पाहताना तिच्या कानशिलांत कढ आले. ही भाजी कुणा आळशानं, अडाण्यानं किंवा पावसानं वाया घालवलेली नव्हती. हिच्यावर कॉलेजनं रीतसर बैठक घेतली होती आणि बैठकीत चहा झाला होता.

लॅबची दुसरी किल्ली तिच्याकडेच होती. कॉलेज सुटल्यावर ती उज्वलाला घेऊन दारात आली.

"मॅडम, फीत?" उज्वला म्हणाली.

"फीत कापण्याचा अधिकार अध्यक्षांचा आहे. आपण कापत नाही आहोत."

दार आत उघडत होतं, हे एक बरं. नमितानं साडीचा पदर खोचला, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि फितीखालून वाकून आत गेली. मागोमाग उज्वला. खोलीत अजून उद्घाटन न झालेला अंधार होता, तो त्यांनी तसाच ठेवला. आधी भिंतीवरचा मुख्य स्विच, मग कोपऱ्यातलं यंत्र. पंखा घुरघुरला. डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकला. उज्वलानं स्क्रीन बंद करून वर टॉवेल टाकला, आणि दोघी पुन्हा वाकून बाहेर आल्या. कुलूप लागलं. फितीची गाठसुद्धा हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या अल्लीपूरला माहीत होतं, की ते चालू झालं आहे. कॉलेजात अर्थातच कुणाला माहीत नव्हतं.

डेव्हलपर डे अखेर आला. वेळ दुपारी तीनची होती. आर्वीच्या कॉलेजची पोरंपोरी एसटीनं येऊन अडीचलाच बसली होती, कारण पत्रिकेत 'आपले पहिले ॲप स्वतः बनवा' अशी कार्यशाळा छापली होती. किसनराव पाचनंतर आले. उशिरामुळे कार्यशाळा रद्द करण्यात येत आहे असं निशांतनं जाहीर केलं, पण सत्कार एकही रद्द झाला नाही. दीपप्रज्वलन झालं. स्टेजवर बसलेल्या प्रत्येकाचा सत्कार झाला आणि सत्कार झालेला प्रत्येक जण दोन शब्द बोलला. विदर्भातल्या डेव्हलपरांच्या त्या मेळाव्यात एकही कॉम्प्युटर चालू नव्हता. अपवाद फक्त एका टॉवेलखालच्या कॉम्प्युटरचा, पण त्याची नोंद कार्यक्रमपत्रिकेत नव्हती.

स्टेजच्या मधोमध थर्माकोलचा खोका होता. त्याला झेंडूची माळ आणि वर दारावरच्या बेलचं लाल बटण. हे बटण कशालाही जोडलेलं नव्हतं. अध्यक्षांनी ते दाबलं की निशांत लॅपटॉपवरून शंखनाद वाजवणार, आणि त्या क्षणी यंत्रणा कार्यान्वित झाली असं सगळ्यांनी समजायचं. पुढच्या रांगेत अल्लीपूरचे लाभार्थी खांद्यावर शाली घेऊन, मांडीवर नारळ धरून बसले होते.

किसनराव बोलायला उठले. "आजपर्यंत माझा शेतकरी अंधारात होता," ते म्हणाले. "आज या बटणामुळे त्याच्या जीवनात..."

सहा वाजले.

आधी एक फोन वाजला, मग दुसरा, मग एकेक करत रांगेतले सगळे. कुणाचं भजन, कुणाची नुसतीच टुंग टुंग. कार्यक्रम वेळेवर झाला असता तर हे कधीच घडलं नसतं, सहा वाजता सगळे आपापल्या घरी असते. बाकीच्यांनी शालीत फोन दडपले. चतुराबाईला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती फोन नेहमी स्पीकरवर घेते. तिनं घेतला.

"उद्या सांबार थोडका हाये," उज्वलाचा आवाज हॉलभर घुमला. "तोडा. मेथी थांबवा. भेदरं लय येऊन राह्यले."

किसनराव थांबले. "हे काय आहे?"

"तेच होय साहेब," चतुराबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "तुमी आता चालू कराले आले ना, ते."

मागच्या रांगांतून हसू फुटलं. प्राचार्य वैरागडे स्टेजवरून उतरले आणि भिंतीच्या कडेनं, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू तसंच ठेवून नमितापर्यंत आले.

"कुणी चालू केलं?"

"मी."

"फीत?"

"शाबूत आहे सर."

"आत्ता बंद करा. पाच मिनिटं फक्त. बटण दाबून झालं की परत लावा."

"अजून निम्म्या गावाला फोन जायचे आहेत."

"मी विनंती करत नाही मॅडम."

"मीही करत नाही सर," नमिता म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला आणि आर्वीच्या पोरांनी माना वळवल्या. "तुम्ही म्हणालात म्हणून मी एकदा बंद केलं. त्याचा सांबार तुमच्या फितीखाली आणून ओतला होता, तुम्ही झाडूवाल्याला बोलावलंत. आता नाही बंद करणार. अध्यक्षांना चालू करायला चालू नसलेल्या वस्तू लागत असतील तर कॉलेजात पुष्कळ आहेत. ग्रंथालय आहे. वर्षभर बंद असलेलं मुलींचं स्वच्छतागृह आहे. त्याला बांधा फीत."

प्राचार्यांनी तिच्यावरून नजर काढली आणि शेजारी बसलेल्या उज्वलाकडे वळवली. "तू जा. बंद करून ये. तुझं प्रोजेक्ट आहे, मार्कांचा प्रश्न आहे."

उज्वला उभी राहिली. पोरगी शेवटच्या वर्षाला होती.

"मी नाई जात सर," उज्वला म्हणाली. "तुमाले बंद कराचं असन तं तुमी जा. मेन स्विच आतच हाये. फक्त फीत आडवी हाये."

प्राचार्य जायला वळले आणि थबकले. हॉलच्या दारातून समोरचा व्हरांडा आणि लॅबचं दार लख्ख दिसत होतं, त्यावरची फीतही. अध्यक्षांच्या आधी ती कापावी, तर नोकरीभर जपलेलं सगळं एका कातरीत जाणार. न कापता जावं, तर आर्वी आणि हिंगणघाटच्या विद्यार्थ्यांदेखत, कोटटायमध्ये, प्राचार्यांना वाकून खालून जावं लागणार. त्यांनी फितीकडे पाहिलं, किसनरावांकडे पाहिलं. त्यांनीच बांधून घेतलेली फीत होती. पुढच्या रांगेत आणखी एका शालीत फोन वाजला.

ते परत स्टेजवर गेले आणि अध्यक्षांच्या कानाशी लागले. किसनरावांनी ऐकून घेतलं. माणूस व्यवहारी होता. "चालू आहे तर राहू द्या," ते म्हणाले, आणि माईक चालू असल्यानं ते सगळ्यांनी ऐकलं. मग त्यांनी बटण दाबलं. शंख वाजला. टाळ्या झाल्या. फीत कापली गेली, आणि लॅबमध्ये टॉवेल काढताना प्राचार्य म्हणाले, "आत्ताच चालू झालं, साहेब. आपल्या हस्ते."

'कट्टा वार्ता'च्या अंकात बातमी आली. किसनराव यांनी कळ दाबताच अल्लीपूरच्या शेतकऱ्यांचे फोन खणखणले आणि सभागृह भारावून गेलं. चतुराबाईचा फोटो होता, सांबार हिरवागार. उज्वलाचं नाव 'विद्यार्थ्यांचेही सहकार्य लाभले' या वाक्यात होतं. नमितानं गटात खाली लिहिलं, "दुरुस्ती: ही यंत्रणा दिवाळीपासून चालू होती. मध्ये बंद राहिली ती या कार्यक्रमामुळे."

निशांतचा फोन आला. "मॅडम, गटात निगेटिव्हिटी नको ना. कम्युनिटी असते ही."

"माझी तांत्रिक अडचण होती, फोन तुटतात म्हणून. तिचं उत्तर अजून आलेलं नाही कम्युनिटीकडून."

त्यानंतर तिला गटातून काढल्याची सूचना आली. कॉलेजात कारणे दाखवा नोटीस आली आणि लॅबचा चार्ज दुसऱ्या सरांकडे गेला. तिच्याकडची किल्ली जमा झाली. लॅबच्या दाराशी संगमरवराची पाटी बसली. कोपऱ्यातल्या यंत्रावर नव्या सरांनी जाड प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि पोरांना बजावून ठेवलं, की या वस्तूचं उद्घाटन झालेलं आहे, तेव्हा हात लावू नये.

कव्हराखाली नुसतं यंत्र होतं. सिमकार्डाची डबी उज्वलाची, ती तिनं कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी काढून नेली होती. अल्लीपुरात तिच्या मामाच्या पिठाच्या चक्कीत एक जुना कॉम्प्युटर आणून मांडला होता. त्यावर पीठ उडतं, म्हणून चतुराबाईनं तिला मिळालेली शाल घातली होती. ती शाल अखेर झाकायच्या कामी आली.

नमिता अजून फळ्यावरच शिकवते, कारण नव्या सरांना लॅब नासण्याची भीती वाटते. नोटिशीचं उत्तर लिहायला ती एका संध्याकाळी स्टाफरूममध्ये थांबली. 'अधिकृत उद्घाटनापूर्वी सदर यंत्रणा आपण हेतुपुरस्सर चालू केली काय?' असा प्रश्न होता. खाली उत्तरासाठी आठ ओळी सोडलेल्या होत्या. तिनं पहिल्या ओळीवर 'होय' लिहिलं. उरलेल्या ओळींचं काय करावं याचा ती विचार करत होती, तेव्हा फोन वाजला. उज्वलानं तिचाही नंबर यादीत घालून ठेवला होता. नमिताकडे शेती नाही. गॅलरीत एका कुंडीत मूठभर सांबार आहे, तेवढंच.

"उद्या सांबार थोडका हाये," उज्वला म्हणाली. "तोडा."